सुम्ने काही नसतं, अक्का

नवरात्रात म्हैसूरला घरोघरी पायऱ्या लावून बाहुल्या मांडतात आणि लोकांनी येऊन त्या बघाव्यात अशी प्रत्येक बाईची इच्छा असते. आमच्या गल्लीतल्या बायकांचीही असते. फक्त एका माणसानं बघू नयेत असं त्यांना वाटतं. पांढरा शर्ट, पांढरी पँट आणि गळ्यात शिंप्याची टेप अशी एक बारकी मूर्ती गल्लीच्या तोंडाशी दिसली की दारं लोटली जातात, बैठकीतले दिवे मालवले जातात. समोरच्या शकुंतलम्मा तर सरळ बाहुल्यांवर टॉवेल टाकतात.

ती मूर्ती म्हणजे आमचे शेजारी पुंडलीकराव. ते बाहुल्या बघत नाहीत, मांडणाऱ्या बाईला बघतात.

"हा पोलीस इतका मागं का ठेवला, अक्का?"

"पुढं जागा नव्हती. सुम्ने ठेवला."

"सुम्ने काही नसतं," पुंडलीकराव हळूच म्हणतात आणि त्या बाईच्या वडिलांची चौकशी सुरू करतात.

'सुम्ने' हा कानडी शब्द. उगाच, सहज, काही कारण नसताना. इथला मराठी माणूस तो मिठासारखा वापरतो. कुठं निघालात? सुम्ने. का हसलात? सुम्ने. पुंडलीकरावांनी या एका शब्दाशी जन्माचं वैर धरलंय. त्यांच्या मते माणूस शिंकतोसुद्धा आतल्या मनाला विचारून. पोलीस मागच्या पायरीवर गेला तर वडिलांचा धाक. वरातीचा बँड कडेला सरकला तर लग्नाबद्दल अढी. शकुंतलम्मांनी बाळकृष्णाला मातीच्या वाघाशेजारी उभं केलं होतं, तेव्हा पुंडलीकरावांनी त्यांच्या धाकट्या मुलासमोरच सांगितलं, "नोडी अम्मा, बघा, हे मूल तुम्हाला नको होतं." खरी गोष्ट अशी होती की बाळकृष्णाची बैठक तुटली होती आणि वाघाला टेकवल्याशिवाय तो उभाच राहत नव्हता. तो मुलगा चांगला इंजिनियर आहे. तो त्या दिवसापासून आईला अधूनमधून विचारतो, "खरंच का गं?"

पुंडलीकरावांचं निदान बहुतेक वेळा चुकतं. तरी माणूस शरमतोच. कपाट कुणी उघडलं की आत काही नसलं तरी आपण पुढे होतो, तसं.

माझ्या वाटणीची शरम मी सांगून टाकते. आम्ही नोकरीच्या निमित्तानं पुण्याहून इथं आलो. मी एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीचं काम बघते आणि घरातही माझा हात त्याच वळणाचा आहे. मी याद्या करते. किराण्याची यादी, सुट्टीची यादी, रविवारी आईशी फोनवर बोलायच्या विषयांची यादी. पहिल्यांदा बाहुल्या मांडल्या तेव्हा मी प्रत्येकीच्या तळाला नंबर चिकटवला आणि मांडणीचा नकाशा काढून ठेवला. पुढच्या वर्षी वेळ वाचतो. ऑफिसची मंडळी आली होती, साहेबांच्या मिसेस आल्या होत्या. तेवढ्यात पुंडलीकराव आले. एक गवळण उचलली, उलटी केली, नंबर वाचला आणि खाली ठेवली.

"यादी करणाऱ्याला एकच भीती असते, अक्का," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "यादी संपल्यावर बोलायचं काय. आईला फोन करताना तुमच्या हातात कागद असतो. खिडकीतून दिसतं मला."

साहेबांच्या मिसेस उसळीचा द्रोण हातात धरून तशाच राहिल्या. माझे कान तापले. मी हसून साजरं केलं, पण त्या रविवारी फोन करताना आधी खिडकीचा पडदा ओढला. कागद हातात होताच.

"म्हातारा अगदीच काही चुकीचं बोलला नाही," सुधीर म्हणाला. सुधीर माझा नवरा. त्यानंतर मीही टॉवेल टाकणाऱ्यांच्यात सामील झाले.

आता हे खूळ एका शिंप्याच्या डोक्यात शिरलं कसं? तर कोटातून. पुंडलीकराव म्हैसूरच्या जुन्या मराठी घरातले. घरात विठोबा, घरात मराठी, पण निम्मी कानडीत भिजलेली. बाजाराजवळ त्यांचं कोट-पँटचं दुकान होतं. एकदा विद्यापीठातले मानसशास्त्राचे एक प्राध्यापक पुस्तक घेऊन आले आणि त्यातल्या फोटोवर बोट ठेवून म्हणाले, "मला असा कोट शिवून द्या." फोटो व्हिएन्नातल्या एका दाढीवाल्या डॉक्टरांचा होता. पुंडलीकरावांनी कोट बघितला आणि ते गार झाले. खांद्याला एक सुरकुती नाही. पण त्यांचा नियम असा की ज्याचा कोट, तो माणूस कोण हे कळल्याशिवाय कापडाला कात्री लावायची नाही. म्हणून पुस्तक ठेवून घेतलं आणि शब्दकोश शेजारी घेऊन वाचायला लागले. माणसाच्या मनाला एक तळघर असतं, नकोशा गोष्टी तिथं ढकललेल्या असतात, त्या स्वप्नांतून आणि विसरण्यातून वर डोकावतात, असं त्यात लिहिलेलं. पुंडलीकरावांना ते लगेच पटलं.

"आम्हाला नवीन काय त्यात?" ते म्हणतात. "कोट बाहेरून बघायचा नसतो, अक्का. उलटा करून अस्तर बघायचं. शिंप्याची लबाडी तिथं कळते. माणसाची पण. अष्टे, एवढंच."

कोट उत्तम झाला. प्राध्यापक तो घालून बेंगळूरला बदलून गेले आणि पुस्तक दुकानातच विसरले. पुंडलीकरावांनी यावर एक सिद्धांत बांधला. माणूस एखाद्या घरी वस्तू विसरतो, कारण त्याला तिथं परत यायचं असतं. "सर येणार," ते सांगत. सर आले नाहीत. पुस्तक अजून आहे, आणि त्यातला तो फोटो मोठा करून पुंडलीकरावांनी घरात विठोबाशेजारी लावलाय. रोज दोघांना मोगरा मिळतो. दूधवाल्या बाईंची समजूत आहे की फोटोतले दाढीवाले म्हणजे पुंडलीकरावांचे सासरे, आणि फार तापट असावेत.

दुकान चालेनासं झालं याला तयार कपडे जितके कारण, तितकेच पुंडलीकराव. छातीचं माप घ्यायला टेप लावली की ते विचारत, "काल काय स्वप्न पडलं?" नवरदेवांची तर ते ट्रायल रूमच्या पडद्याबाहेर उभं राहून उलटतपासणी घेत. एक वकील अर्धवट कोटात पळाले, बाही दुकानातच राहिली. "येतील परत," पुंडलीकराव म्हणाले.

गंमत म्हणजे आता सगळं जग त्यांच्या दुकानात आल्यासारखं बोलतं. माझी आई चिडखोर माणसाला पित्त झालंय म्हणायची. हल्ली पित्त कुणाला होत नाही, सगळ्यांना बालपण होतं. आमच्या कारखान्यात एक प्रशिक्षक येऊन गेले. त्यांनी मशीनवरच्या लोकांना डोळे मिटून आपल्या आतल्या लहान मुलाला भेटायला सांगितलं, तेव्हा दोघं झोपले आणि एक जण रडला. माझी भाची भांडताना मला म्हणते, "मावशी, तू डिनायलमध्ये आहेस." मालिकेतली सासू ट्रॉमा म्हणते. भाजीवालासुद्धा गिऱ्हाइकाला इगो आहे असं सांगतो. मला वाटलं होतं पुंडलीकराव या सगळ्यानं खूश असतील. ते दुखावलेले आहेत.

"रेडिमेड माल आहे हा," ते म्हणाले. "माप न घेता विकतात. कुणालाही कुठलाही घाला. थोडा घट्ट, थोडा ढगळ, चालतंय की."

"तुम्ही तरी काय वेगळं करता?" मी जरा टोचून विचारलं.

त्यांनी गळ्यातली टेप सारखी केली आणि विषय बदलला. हे असं कधी होत नाही.

या नवरात्रात चटणीचा डबा परत द्यायला मी त्यांच्याकडे गेले. बायको गेल्यापासून ते एकटेच असतात आणि बाहुल्याही स्वतःच मांडतात. बघायला कुणाला बोलवत नाहीत. मी सवयीनं वरून खाली नजर फिरवली आणि थांबले. सगळ्यांत वरची पायरी मोकळी होती. तिथं जरीच्या कापडाची घडी होती, बाकी काही नाही.

म्हैसूरकडे वरच्या पायरीवर राजा-राणी असतात. रक्तचंदनाची लाकडी जोडी. मुलीच्या लग्नात आईवडील ती तिला देतात, आणि मग दर वर्षी तिनं ती नवे कपडे शिवून आपल्या घरात मांडायची. इथल्या मराठी घरांनीही ही रीत कधीच आपली करून घेतलीय. राजा-राणीवाचून मांडणी म्हणजे कॉलरवाचून कोट.

"राजा-राणी कुठं गेले?" मी विचारलं.

"ते रूपाचे आहेत," पुंडलीकराव म्हणाले.

रूपा त्यांची एकुलती मुलगी. नंजनगूडला दिलेली. म्हैसूरहून गाडीनं तासाभराच्याही आतलं गाव, पण मी इथं आल्यापासून तिला या घरात एकदाही बघितलं नव्हतं.

मी तपासनीस बाई. तपासताना अर्ध्यात सोडता येत नाही. "तिचे आहेत तर तिच्याकडे का नाहीत?"

ते खुर्चीत बसले. पुढचं त्यांनी माझ्याकडे न बघता, त्या मोकळ्या पायरीकडे बघत सांगितलं.

रूपा लहानपणापासून रोज सकाळी दोसा खाताना अप्पांना आपलं स्वप्न सांगायची. बापलेकीचा तो खेळ होता. लग्न ठरल्यावर एक दिवस तिनं सांगितलं, अप्पा, नवरदेव आला पण त्याच्या गळ्यात हाराच्या जागी तुमची टेप होती. दोघं हसले. मग साखरपुड्याचं जेवण झालं. पानं मांडलेली, नंजनगूडची सगळी मंडळी बसलेली, आणि पुंडलीकरावांना आपली विद्या दाखवायची हुक्की आली. त्यांनी ते स्वप्न पंगतीत सांगितलं. वर अर्थही सांगितला. मुलीला नवऱ्यात बापच हवाय, बापाला सोडायला तिचं मन तयार नाही, पुस्तकात असं असं लिहिलंय.

"कोणी हसलं का?" मी विचारलं.

"पोरं हसली. व्याह्यांनी पाणी मागितलं. रूपानं वाढायचं भांडं खाली ठेवलं आणि आत गेली. लाज म्हणजे काय, अक्का? अस्तर बाहेर दिसणं. मी माझ्या पोरीचं अस्तर चारचौघांत उलटून दाखवलं."

लग्न झालं. सासरी बरेच दिवस तिला टेपवाली म्हणत. ती फोन करते, गोळ्या घेतल्या का विचारते, कुणाच्या लग्नकार्यात भेटली की वाकून नमस्कार करते. स्वप्न मात्र तिनं पुन्हा सांगितलं नाही. आणि पाठवणीच्या दिवशी राजा-राणीचं गाठोडं ती इथंच विसरून गेली.

"विसरली," पुंडलीकराव म्हणाले. "म्हणजे परत येणार. म्हणून मी पाठवले नाहीत. पाठवले असते तर तिला यायला काय राहिलं असतं?"

आणि आता तिचा फोन आला होता. तिची मुलगी बाहुल्यांसाठी हट्ट धरून बसली होती, म्हणून यंदा ती पायऱ्या लावणार होती. राजा-राणीची नवी जोडी दसऱ्याच्या प्रदर्शनातून घेणार होती. तुम्ही त्रास घेऊ नका अप्पा, असंही म्हणाली होती.

"नवी घेतली की संपलं," ते म्हणाले. "मग इथं तिचं विसरलेलं काही राहत नाही."

मी माझ्या परीनं जे येतं ते केलं. "उद्या सकाळी जाऊ. गाडी मी काढते. फळं, फुलं, मिठाई माझ्या यादीत. तुम्ही फक्त गाठोडं घ्यायचं."

सकाळी ते दारात उभे होते आणि मी त्यांना क्षणभर ओळखलं नाही. अंगात कोट होता. लोकांचे शेकडो शिवले असतील, स्वतःच्या अंगावर मी पहिल्यांदा बघितला. आणि गळ्यात टेप नव्हती. टेपेशिवाय त्यांची मान फार बारीक दिसत होती.

वाटेतलं कडकोळ गाव मागं पडलं तेव्हा मी सवयीनं यादी म्हणायला लागले. केळी घेतली, मोगरा घेतला, म्हैसूरपाक घेतला, गाठोडं.

मी शेजारी बघितलं. पुंडलीकरावांच्या मांडीवर नुसते हात होते.

"पुंडलीकराव, गाठोडं?"

"टेबलावर राहिलं," ते म्हणाले. चेहरा लाल झाला होता. मग जरा वेळानं, "बोला की अक्का."

"काय बोलू?"

"मी तुम्हा सगळ्यांना बोलतो ते. बोला. आज तुमचा हक्क आहे."

माझ्या जिभेवर ते वाक्य तयार होतं. एवढी वर्षं जमा झालेलं होतं, माझं, शकुंतलम्मांचं, त्या वकिलाचं. मी इंडिकेटर दिला आणि गाडी वळवली. "गाठोडं माझ्या यादीत न धरता तुमच्यावर सोपवलं, ती माझी चूक," मी म्हणाले. ते खिडकीबाहेर बघत राहिले.

घरून गाठोडं घेऊन पुन्हा निघालो आणि नंजनगूडला पोचलो तेव्हा ऊन तापलं होतं. रूपानं दार उघडलं, आधी कोट बघितला, मग मान, मग गाठोडं. "या," एवढंच म्हणाली. आत झोपाळ्यावर तिच्या सासूबाई बसल्या होत्या. ठसठशीत बाई. "अय्यो, राव आज इकडे कुठं वाट चुकले?" त्या म्हणाल्या आणि झोपाळा जरा जोरात हलला.

पायऱ्या मांडून झाल्या होत्या, वरची मोकळी होती. प्रदर्शनाला संध्याकाळी जायचं होतं, असं कळलं. मला हायसं वाटलं.

रूपा जमिनीवर बसून गाठोड्याची गाठ सोडू लागली. आतून राजा-राणी निघाले. काळसर लाल लाकूड, राणीच्या अंगावर जरीचं पातळ, राजाला कोट. त्यांच्याखाली छोट्या कपड्यांची चळत होती. कोट, पगड्या, पोलकी, परकर. ती जोडी कुणी बघणार नव्हतं, कुठल्याच पायरीवर ती चढणार नव्हती, तरी पुंडलीकराव दर नवरात्रात तिला नवे कपडे शिवत आले होते.

रूपानं एक बोटभर कोट उचलला आणि उलटा केला. शिंप्याची मुलगी ती. आत रेशमी अस्तर होतं, बारीक टाक्यांनी लावलेलं. तिनं दुसरा उलटला. त्यालाही होतं.

"बाहुलीच्या कोटाला अस्तर कोण लावतं, अप्पा?"

पुंडलीकराव स्वतःच्या बाहीकडे बघत होते.

ती उठली, राजा-राणीला वरच्या पायरीवर ठेवलं आणि स्वयंपाकघरात गेली. थोड्या वेळानं गरम दोसे घेऊन आली. अप्पांच्या ताटात वाढता वाढता, आपण बोलतोय हे जणू आपल्यालाच माहीत नसल्यासारखी म्हणाली, "परवा मला स्वप्न पडलं."

माझा घास हातात राहिला. झोपाळा थांबला.

"आपलं दुकान होतं. मी लहान होते. कापायच्या टेबलाखाली चिंध्यांत झोपलेले. मशीनचा आवाज येत होता. तो थांबला तर मला जाग येईल, म्हणून मी झोपेतच म्हणत होते, थांबवू नका, थांबवू नका. मशीनवर कोण होतं त्याचं तोंड नाही दिसलं. पाठ होती. गळ्यात टेप."

या स्वप्नाचा अर्थ लावायला पुस्तक लागत नव्हतं. मला कळला. सासूबाईंनाही कळला असणार, कारण त्या पदर सावरून पुढं सरकल्या.

"सांगा की राव," त्या म्हणाल्या. "तुम्ही तर त्यातले जाणते. मागं केवढं सांगितलं होतं. आम्ही विसरलो नाही."

रूपा हातात उलथनं घेऊन उभी होती. ती सासूबाईंकडे बघत नव्हती, माझ्याकडेही नाही.

पुंडलीकरावांनी दोशाचा तुकडा मोडला, चटणीत बुडवला. सगळं आयुष्य ज्या प्रश्नाची वाट बघितली, तो प्रश्न समोर होता आणि उत्तर तर त्या तुकड्याइतकं हातात होतं.

"अर्थ कसला?" ते म्हणाले. "सुम्ने पडलं असेल. स्वप्नं सुम्ने पडतात."

सासूबाई मागं टेकल्या. झोपाळा पुन्हा हळूहळू हलायला लागला.

"हो ना?" रूपा म्हणाली. "मलाही तसंच वाटलं." आणि अप्पांनी ताटावर हात आडवा धरलेला असतानाही तिनं तो बाजूला करून आणखी एक दोसा वाढला.